लिटरचा हिशेब : गाडी न विकता इंधन कमी कसं जाळायचं

उद्यापासून भाव वाढणार अशी बातमी आली की रात्री पंपावर रांग लागते. या रांगेचं गणित एकदा मांडून बघा. टाकी ४० लिटरची, निम्मी भरलेली, म्हणजे घ्यायचे २० लिटर. भाव ३ टक्क्यांनी वाढणार असला तर वाचणार सुमारे ६०० मिलिलिटरची किंमत. पंप पाच किलोमीटरवर असेल आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर जाण्यायेण्यातच साडेसहाशे मिलिलिटर जळालं. रांगेत इंजिन चालू ठेवलं ते वेगळंच.

मी बरीच वर्षं एका कंपनीच्या वाहन विभागात लॉगबुकं तपासायचं काम केलं. कुठली गाडी किती धावली, किती प्यायली, कुणाच्या हातात असली की जास्त पिते, हे दर महिन्याला जुळवून बघायचं. त्या काळात भाव कितीदा वर-खाली झाले, पण आमच्या तक्त्यात भावाचा रकाना शेवटी असायचा, लिटरचा आधी. घरच्या गाडीलाही मी तोच नियम लावला आणि आता ओळखीतलं कुणी पेट्रोलच्या नावाने बोटं मोडायला लागलं की त्याला वही आणायला सांगते.

त्याआधी भावाबद्दल थोडं, कारण तो का हलतो हे कळलं की निम्मी चिडचिड कमी होते.

पंपावरच्या किमतीत वाटेकरी चार: कच्चं तेल, ते शुद्ध करण्याचा खर्च, वाहतूक आणि विक्रेत्याचं कमिशन, आणि कर. यातला कर दोन प्रकारे बसतो. एक, लिटरमागे ठरावीक रक्कम. दुसरा, किमतीवर टक्केवारी. पुष्कळ ठिकाणी दोन्ही असतात. फरक असा पडतो. समजा पंपावरची किंमत १०० आहे, त्यात तेल ४५, शुद्धीकरण आणि बाकी खर्च १५, कर ४०. तेल २० टक्क्यांनी महागलं, म्हणजे ९ ने वाढलं. कर ठरावीक असेल तर तुम्ही १०९ देता. तोच कर टक्केवारीत असेल तर वाढीवरही कर लागतो आणि तुम्ही ११५ देता. आता करच फक्त २० आहे आणि तेल ६५ आहे असं धरा. तीच २० टक्के वाढ तुम्हाला १३ ने लागेल. म्हणजे जिथे ठरावीक कर जास्त, तिथे किंमत कायम चढी पण झटके कमी, आणि जिथे कर कमी, तिथे एरवी स्वस्ताई पण तेल उसळलं की थेट खिशात हात. तेल उतरलं तरी पंपावर तेवढं उतरत नाही, यामागचं एक मोठं कारणही हेच. कराचा ठरावीक वाटा जागचा हलत नाही.

इंधनावरचा कर हा काही कालपरवाचा शोध नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९१९ मध्ये गॅलनला (म्हणजे साधारण पावणेचार लिटरला) एक सेंट असा कर बसवला, रस्ते बांधायला पैसा हवा म्हणून. तिथला केंद्राचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंट आहे, तेव्हापासून एका सेंटनेही हललेला नाही. महागाईने त्याची खरी किंमत मात्र निम्म्याहून खाली आणली आहे. करवाढ कुणालाच नको असते, रस्ते मात्र सगळ्यांना हवे असतात. माझं मत विचाराल तर चढा पण स्थिर कर परवडला. माणूस त्याप्रमाणे घर, नोकरी, गाडी ठरवू शकतो. पण हे माझं मत झालं, आणि ते कुणी विचारत नाही. तुमच्या-माझ्या हातात जे आहे ते पुढे.

पहिलं काम, मोजणी. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज बघून समाधान मानू नका, ते बऱ्याचदा थोडं फुगलेलं असतं. टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद झाला की थांबा, वर थेंबथेंब कोंबू नका. किलोमीटरचा काटा लिहून घ्या. मग नेहमीसारखी चालवा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच फुल करा, शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलला, कारण जमिनीचा उतार आणि नोझलची तऱ्हा दोन्ही आकडा बदलतात. धावलेले किलोमीटर भागिले आत्ता भरलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. सलग तीन-चार टाक्यांची बेरीज घ्या, म्हणजे चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

इथे एक फसगत आहे, ती समजून घ्या. आपण ‘लिटरला किती किलोमीटर’ असं बोलतो, पण पैसे उलट बाजूने जातात. १०० किलोमीटरला किती लिटर, असा आकडा काढा. लिटरला १० देणारी गाडी १२ वर आणली तर दर शंभर किलोमीटरला १० ऐवजी ८.३३ लिटर लागतात, वाचले १.६७. लिटरला २० देणारी गाडी २५ वर नेली तर ५ ऐवजी ४ लागतात, वाचला एक. वीसची पंचवीस झाली हे ऐकायला दणदणीत वाटतं, पण खरी बचत त्या खादाड गाडीच्या दोनात आहे. घरात दोन गाड्या असतील तर जास्त पिणाऱ्या गाडीकडे आधी बघा, आणि लांबच्या फेरीला कमी पिणारी काढा. पुष्कळ घरांत हे बरोबर उलटं चालतं, कारण मोठी गाडी लांबच्या प्रवासाला आरामाची वाटते. आरामाला माझी ना नाही, फक्त त्याचे लिटर किती ते माहीत असावं.

दुसरं काम, फेऱ्यांची वही. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

कंपनीत आमच्याकडे प्रत्येक फेरीला पाच रकाने होते: निघताना काटा, परत आल्यावर काटा, कुठे, कशासाठी, कोण बसलं होतं. घरी एवढेच ठेवा. तारीख घाला. गाडीतच एक छोटी वही आणि बांधलेलं पेन ठेवा; मोबाइलवर लिहीन म्हणणारे तिसऱ्या दिवशी विसरतात. दोन आठवडे काहीही बदलू नका, नुसतं लिहा. मग एका निवांत दुपारी बसून फेऱ्या तीन ढिगांत टाका. टाळताच येत नाहीत त्या. एकत्र करता आल्या असत्या त्या. आणि गाडीविना झाल्या असत्या त्या.

बहुतेकांना पहिला धक्का तिसऱ्या ढिगात बसतो. रोजची कामावरची फेरी मोठी, तीच इंधन खाते असं सगळे धरून चालतात. किलोमीटरच्या हिशेबाने ते खरंही असेल. पण तिसऱ्या ढिगात दीड, दोन, अडीच किलोमीटरच्या फेऱ्या निघतात, एकेका दिवसात तीन-तीन. आणि या फेऱ्या त्यांच्या किलोमीटरपेक्षा जास्त पितात. थंड इंजिनला नीट जळण्यासाठी इंधन जास्त द्यावं लागतं, इंजिन ऑइल घट्ट असतं, घर्षण जास्त असतं. पूर्ण तापायला काही किलोमीटर लागतात. दोन किलोमीटरची फेरी म्हणजे सगळीच्या सगळी थंड इंजिनवर. हवा थंड असेल तर आणखीच. आमच्या ताफ्यात एक गाडी निव्वळ कागदपत्रं पोचवायला जवळपास फिरायची, तिचं ॲव्हरेज त्याच मॉडेलच्या लांब पल्ल्याच्या गाडीपुढे इतकं वाईट यायचं की नवा साहेब आला की आधी तिच्या ड्रायव्हरवर संशय घ्यायचा. बिचाऱ्याचा दोष काही नव्हता.

म्हणून एकत्र करता येण्यासारखी कामं एकाच फेरीत घ्या आणि सगळ्यात लांबचं काम आधी करा. तिथे पोचेपर्यंत इंजिन तापलेलं असतं, मग परतीच्या वाटेवरची छोटी कामं गरम इंजिनवर होतात. जवळचं आधी उरकू, ही सवय उलटी आहे.

चालत जायच्या फेऱ्यांबद्दल उपदेश करत नाही. दोन किलोमीटर चालायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, सायकलवर आठ-दहा. गाडीने किती लागतात ते वहीत लिहा, पण खरं लिहा: बाहेर काढणं, सिग्नल, जागा शोधणं, लावून परत चालणं, सगळं धरून. मग तुमचं तुम्ही ठरवा. पावसात, ओझं असताना, गुडघे दुखत असताना गाडी काढलीच पाहिजे. तिसरा ढीग रिकामा करायचा नाहीये, त्यातला एक प्रकार निवडायचाय. ‘आजपासून गाडी कमी वापरणार’ असं ठरवलेलं टिकत नाही. ‘मुलाला क्लासला गाडीने सोडणार नाही’ हे टिकतं.

तिसरं काम तुमच्या उजव्या पायाचं.

आमच्याकडे एक जुने ड्रायव्हर होते, त्यांच्या हातात कुठलीही गाडी दिली तरी ती बाकीच्यांपेक्षा कमी प्यायची. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून गेले, काय वेगळं करतात ते बघायला. वेग इतरांइतकाच. फरक एवढाच की पुढे दूरवर लाल दिवा दिसला की त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठायचा, आणि गाडी गिअरमध्येच हळूहळू संथ होत जायची. सिग्नलला पोचेपर्यंत बऱ्याचदा तो हिरवा झालेला असायचा. ब्रेकला पाय लागलाच तर शेवटच्या काही मीटरला. मला म्हणाले, “ताई, ब्रेक मारला की आधी जाळलेलं पेट्रोल फुकट गेलं.” भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही हेच निघेल. इंधन जाळून गाडीला वेग दिला, ब्रेकने त्या वेगाची उष्णता केली, आणि ती चाकांपाशी हवेत गेली.

इथे एक जुना गैरसमज आहे: उतारावर गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उलट आहे. गिअरमध्ये असताना पाय उचलला की गाडीतला संगणक इंधन जवळजवळ पूर्ण बंद करतो, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःच्या दमावर चालू राहावं लागतं, म्हणजे आयडलिंगचं इंधन जळतं. शिवाय उतारावर इंजिनचा लगाम सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की काय होतं ते घाटातल्या ड्रायव्हरला विचारा.

वेगाचं गणित सोपं पण निर्दय आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ९० वरून १२० वर गेलात तर वेग एक-तृतीयांशाने वाढला, हवेचा विरोध मात्र पावणेदोन पटीहून जास्त झाला. ६० किलोमीटरच्या टप्प्याला ९० ने ४० मिनिटं, १२० ने ३०. ही दहा मिनिटं तुम्हाला किती लिटरला पडतात ते एकदा मोजा: एक टाकी या वेगाने, एक त्या. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलबंदी केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला, तेव्हा अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आणली. लोकांनी ती मनापासून कधीच पाळली नाही आणि १९९५ मध्ये ती गेली. तुमच्या पायावर मात्र कायद्याची वाट बघायचं कारण नाही.

टायरची हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरून घ्या; टायरवर छापलेला आकडा हा त्याचा कमाल दाब असतो, तो भरायचा नसतो. टपावरचं कॅरिअर काम झालं की उतरवा, रिकामं असलं तरी ते हवा अडवतं. डिकीतला संसार काढा, ४५ किलो ओझ्याला साधारण एक टक्का ॲव्हरेज जातं, आणि छोट्या गाडीला ते जास्त लागतं. गाडी उभी करून कुणाची वाट बघत असाल तर इंजिन बंद करा. चालू इंजिन आकारमानाप्रमाणे तासाला एक ते दोन लिटर पितं आणि शून्य किलोमीटर देतं. एसी? शहरी वेगाला काचा उघडा, महामार्गाच्या वेगाला काचा बंद करून एसी लावा. झालं.

पैसे कुठे घालवू नयेत तेही सांगते. इंधन वाचवणारी लोहचुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, हवेच्या नळीत बसवायचे पंखे, या सगळ्यांचे विक्रेते आमच्या ऑफिसातही यायचे, चकचकीत ब्रोशर घेऊन. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर उपकरणं तपासली आहेत, त्यातून लक्षणीय फायदा देणारं काही हाती लागलं नाही. जास्त ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलचंही तेच. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची क्षमता. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत साधं पेट्रोल लिहिलं असेल तर महागड्याने सहसा काही मिळत नाही. पुस्तिकेत जास्त ऑक्टेन सक्तीचं असेल तर मात्र तेच घाला.

आता अवघड भाग. वर सांगितलेलं सगळं केलंत तरी एक गोष्ट तशीच राहते: घर कुठे, काम कुठे. भाव वाढले तरी लोकांचं इंधन लगेच फारसं कमी होत नाही, यात लोकांचा हट्ट नसतो. पुढच्या सोमवारी कुणी घर हलवू शकत नाही. हे अंतर ज्या दिवशी ठरतं, त्या दिवशी पुढच्या कित्येक वर्षांचे लिटर ठरतात, आणि नेमकं त्या दिवशी कुणी हिशेब करत नाही.

तो असा करा. स्वस्त घर १५ किलोमीटर लांब आहे. म्हणजे रोज ३० किलोमीटर जास्त. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर ७५०० किलोमीटर. लिटरला १५ देणाऱ्या गाडीला ५०० लिटर. दहा वर्षांना ५०००. आता आजच्या भावाने नाही, आजच्या दीडपट भावाने गुणा. त्यावर टायर, सर्व्हिसिंग आणि गाडीची घटणारी किंमत, किलोमीटर वाढले की ती आणखी घटते. हा आकडा भाड्यातल्या किंवा हप्त्यातल्या फरकाशेजारी लिहा. कधीकधी लांबचं घर तरीही स्वस्त पडतं, तर खुशाल घ्या. माझ्या भाच्याने असंच घेतलं, पण घेताना त्याने एवढं पाहिलं की घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बस आहे आणि ती रात्री उशिरापर्यंत मिळते. त्याची गाडी आता आठवड्यातून दोनदाच ऑफिसला जाते.

बस महाग की गाडी, ही तुलनाही लोक चुकीची करतात. तिकिटाशेजारी फक्त पेट्रोल ठेवतात. विमा, हप्ता, कर हे आधीच भरून झालेले असतात, त्यामुळे प्रत्येक फेरीला गाडी स्वस्तच दिसते. एका फेरीपुरतं ते खरंही आहे. पण वर्षाचा सगळा खर्च भागिले वर्षाचे किलोमीटर केलं की जो आकडा येतो, तो बघून भलेभले गप्प होतात.

विजेची गाडी घेऊन सुटू, असं वाटत असेल तर चालवण्याचा खर्च बहुतेक ठिकाणी कमी येईल हे खरं. पण रस्त्याचा पैसा सरकारला कुठूनतरी काढावाच लागतो. त्याच ओरेगॉनने २०१५ मध्ये ऐच्छिक स्वरूपात मैलामागे आकार सुरू केला, आणि न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्यांना किलोमीटरच्या हिशेबाने रस्ता-शुल्क लावलं. म्हणून ‘कर नाही’ हा फायदा कायमचा धरून हिशेब करू नका. फेऱ्यांची वही विजेच्या गाडीलाही तेवढीच लागते.

घरात दोन गाड्या असतील तर शेवटचा प्रयोग. दुसरी विकायची चर्चा काढू नका, भांडण होईल. एक महिना ती उभी ठेवायची एवढंच ठरवा. किल्ली कुणाच्या तरी कपाटात. जिला किंवा ज्याला ती लागेल, त्याने भिंतीवरच्या कागदावर लिहायचं: तारीख, कशासाठी, आणि मग काय केलं. रिक्षा, टॅक्सी, शेजाऱ्याबरोबर, की जाणंच रद्द. महिन्याअखेरी त्या कागदावरच्या भाड्यांची बेरीज आणि दुसऱ्या गाडीचा महिन्याचा खर्च शेजारी शेजारी ठेवा. कागद भरलेला असेल तर गाडी ठेवा, कुणाला दोष देऊ नका. महिनाभर विमा चालू ठेवा, टायरची हवा बघा, आणि आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा दहा-पंधरा किलोमीटरची फेरी मारून आणा, नाहीतर बॅटरी बसेल. नुसतं पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करू नका, त्याने बॅटरी भरत नाही.